च्याची घंटी

आप्पा, घंटी वाजली होती. लाईट नव्हती तरी वाजली. मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर ती मी जोडली होती ती अशाच दिवसासाठी, आणि तिनं तिचं काम केलं.

हे मी स्वतः तपासलं. उमापूरच्या घरात शिरलो तेव्हा तुम्हाला आपल्या रीतीनं भिंतीला टेकवून बसवलेलं होतं, कपाळाला विभूती लावली होती, बायका कडेनं बसल्या होत्या. आणि तुमचा एकुलता एक मुलगा, गेवराईचा बसवराज इलेक्ट्रिकलवाला, तुमच्या पायाला हात लावायच्या आधी बाजेजवळच्या बटणाकडं गेला. फोनवर मला एवढंच कळलं होतं की तुम्ही पडलात, घंटी एकदाच वाजली आणि जीप यायच्या आत तुम्ही गेलात. एकदाच का? अख्ख्या रस्त्यानं एसटीत मी तोच विचार करत होतो. वायर कुठं सुटली असेल? बॅटरी उतरली असेल? मी बटण दाबलं. गल्लीपलीकडं सोजरवहिनीच्या ओसरीत घंटा कर्रर्र वाजली. इथल्या बायकांचं रडणं क्षणभर थांबलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा काय वाटलं सांगू? बरं वाटलं. माझं काम पक्कं निघालं म्हणून बरं वाटलं. तुम्ही समोर बसलेले असताना.

म्हणजे चूक माझी नव्हती. मग कुणाची तरी असायलाच हवी होती.

सोजरवहिनी दारातच उभी होती, डोळे सुजलेले. मी विचारलं, "काय झालं नेमकं?" तिनं काहीही न लपवता सांगितलं. "घंटी वाजली. म्या म्हशीखाली बसलते. धार काढून आले, तर आप्पा बाजेखाली पडलेले." माझा तोल गेला. "धार काढून? इथं माणूस मरतंय आणि तुम्ही दूध काढत बसलात? घंटी कशासाठी लावली होती?" आणखीही बरंच बोललो. भरल्या अंगणात, तिच्या सासूसमोर, तुमच्यासमोर. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि म्हणाली, "उशीर झाला." बस्स, दुसरं काही नाही. दत्तूभाऊ, तिचा नवरा, पुढं सरसावला, तर तिनंच त्याचा हात धरला. मी मात्र ती तिची कबुली समजलो, आणि मला आणखीच जोर चढला.

आप्पा, तुम्ही असतात तर मला तिथंच दोन शब्द सुनावले असतेत. तुम्ही नव्हतात म्हणूनच मी बोललो, हेही तितकंच खरं.

आपलं भांडण तर आई गेल्यापासूनचं. मी म्हणायचो, गेवराईला चला. तुम्ही म्हणायचात, न्हाई. किराणा दुकान तुम्ही बंद केलं होतं, गुडघे बोलायला लागले होते, एकदा न्हाणीत घसरूनही झालं होतं. माझं म्हणणं अगदी रास्त होतं आणि त्यात लोक काय म्हणतील याचा वाटाही बराच होता. गावात भरल्या बाजारात कुणीतरी विचारायचं, "कावून रं बसू, बापाला एकटंच ठिवलंय?" की माझे कान तापायचे. तुम्ही मात्र ओट्यावर बसून शांतपणे सांगायचात, "हितं मला समदे आप्पा मनतेत. तिथं मी नुसता बसूचा बाप. सून चांगली हाय, पन तुज्या घरी मी पाव्हणा." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडायचो. उत्तर नसलं की चिडायचं ही माझी लहानपणापासूनची खोड तुम्हाला ठाऊकच होती.

शेवटी आपलं ठरलं. तुम्ही उमापुरातच राहायचं, पण घर मी सांगेन तसं करून घ्यायचं. तेव्हा माझं दुकान जोरात होतं. दर महिन्याला बाजारात नवीन काहीतरी निघत होतं. रिमोटचे टीव्ही आले, कारखान्याजवळच्या वस्त्यांवरसुद्धा केबल पोचली, ज्याच्या त्याच्या तोंडी पुण्याला गेलेल्या पोराचं कौतुक होतं. आणि त्या पोरांचे आईबाप गावात एकटे होते. माझ्या डोक्यात आलं की ही सोय आपणच करायची. पहिलं घर तुमचं.

किती उत्साहानं केलं मी ते सगळं! टाकीत फ्लोट बसवला, टाकी भरली की मोटार आपोआप बंद. दाराच्या कडीला दोरी बांधली, बाजेवरून ओढली की दार उघडतं. बाजेशेजारच्या पायपुसण्याच्या आत बटणाची पट्टी घातली, पाय टेकला की न्हाणीपर्यंतचा दिवा लागतो. तो दिवा तुम्हाला फार आवडला. "हे ब्येस हाय," म्हणालात, आणि लहान पोरासारखे चार वेळा पाय टेकवून पाहिलात. पुढं त्या पायपुसण्यावर तुमचं मांजर झोपायला लागलं आणि दिवा रात्रभर जळायला लागला. मी म्हणालो, मांजर हाकला. तुम्ही म्हणालात, "त्यालाबी उजेड लागत असल की." पट्टीखाली मांजराच्या वजनानं न दबणारी जाड स्प्रिंग टाकून मी बंदोबस्त केला, तेव्हा तुम्ही मांजराचीच समजूत काढत बसला होतात.

आणि घंटी. ती माझी खरी शान. एक बटण न्हाणीत, एक देवाच्या कोनाड्याजवळ, एक बाजेजवळ, तेही मुद्दाम खाली, जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल असं. तार वरून गल्ली ओलांडून सोजरवहिनीच्या ओसरीत. दत्तूभाऊनं स्वतः बांबू रोवून दिला. सगळं झाल्यावर मी म्हणालो, "दाबा आप्पा." तुम्ही हात मागं घेतला.

"मानसाला घंटी मारून बोलवायचं? मी काय तहसीलचा साहेब हाय का? अन् सोजर काय शिपाई हाय?"

मी म्हणालो, ती अडचणीसाठी आहे. तुम्ही म्हणालात, घंटी देवापुढं वाजवायची असते. आपण दोघंही हट्टी. माझ्या समाधानासाठी एकदा दाबलीत, सोजरवहिनी धावत आली, आणि तुम्ही तिला म्हणालात, "काई न्हाई बाई, ह्याचं डोकं फिरलंय. बस, च्या घे." तेव्हाच मला समजायला हवं होतं. तो पहिलाच च्या होता.

तुम्ही आपल्या रीतीनं वाट काढलीत. कुणाला घंटी मारून कामाला बोलवायचं तुमच्यानं होणार नव्हतं. पण काही द्यायला बोलवायचं, तर त्यात कसला कमीपणा? मी एकदा न कळवता आलो तेव्हा ते पाहिलं. तुम्ही स्टोव्हवर आल्याचा चहा उकळत ठेवलात, बटण दाबलंत, आणि थोड्या वेळानं सोजरवहिनी घरचा स्टीलचा ग्लास घेऊन निवांत आली आणि उंबऱ्यावर बसली. तुम्ही तिला तिच्या म्हशीचं विचारलंत, तिनं तुम्हाला गुडघ्याचं विचारलं. दिवसातून एकदा तुमच्या घरात कुणीतरी बसत होतं, बोलत होतं, तुम्ही जेवलात का ते बघत होतं. मला फक्त माझ्या घंटीचा गैरवापर दिसला.

"ही घंटी खेळायची नाही, आप्पा. रोज चहाला वाजवाल तर खऱ्या वेळी कोण धावेल?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "मंग तू घरात नुसती मरणाचीच घंटी लावलीस का बे? अडचणीलाच बोलवायचं असल, तर सोजरनं कावून यावं?"

मी चिडलो. तिच्यासमोर तुम्हाला म्हणालो, "पुन्हा हे दिसलं तर मी बिऱ्हाड गुंडाळून तुम्हाला गेवराईला नेणार. मग बघा." सोजरवहिनी ग्लास अर्धा टाकून उठून गेली. तुम्ही खाली बघत म्हणालात, "बरं. न्हाई वाजवत." तुमच्या आवाजात मी तोवर कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. आता वाटतं, ती भीती होती. बाप मुलाला घाबरला होता, आणि मुलाला वाटलं की चला, पटलं एकदाचं.

त्यानंतर मी तुमचं घर लोकांना दाखवायला लागलो. गिऱ्हाइकांना घेऊन यायचो, पायपुसणं दाबून दाखवायचो, दोरी ओढायचो. तुम्ही धोतर सावरून बाजूला उभे राहायचात आणि कुणी विचारलं तर म्हणायचात, "आमच्या बसूनं केलंय." तुम्ही हे नेहमीच करत आलात. मी शाळकरी असताना दुकानातला रेडिओ उघडला आणि मारून टाकला, तेव्हाही तुम्ही गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, "पोरगं शिकायलंय." मग तो निकामी रेडिओ कितीतरी दिवस गुळाच्या ढेपांशेजारी तसाच ठेवलात, जसा काही चालू आहे. माझ्यातला जो काही कारागीर आहे तो त्या मुक्या रेडिओनं केला. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सोजरवहिनीला मी विचारायचो, "घंटी चालू आहे ना?" ती म्हणायची, "चालू हाय." मी पुढं विचारायचो नाही.

परवा तुमची शिवगणाराधना झाली, दिवसांचं गावजेवण. स्वामी आले, गावातली आपली सगळी घरं आली, बाहेरगावची आली. दत्तूभाऊ आला, पंगतीला बसला, जेवला आणि माझ्याकडं न बघता गेला. सोजरवहिनी आली नाही. मी मनात म्हणालो, कुठल्या तोंडानं येईल. हे मी खरंच मनात म्हणालो, आप्पा.

जेवणानंतर माणसं मांडवात बसली आणि तुमच्या आठवणी निघाल्या. ओट्यावरचे तुमचे सोबती नाना हसत हसत म्हणाले, "आप्पाची च्याची घंटी वाजली की आमीबी काठी उचलायचो. सोजरच्या मागं मागं. आल्याचा च्या, अन् साखर अशी की ओठ चिकटावेत." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, संध्याकाळी घंटी वाजली की गल्लीतल्या बायकांना वेळ कळायची. मी म्हणालो, "पण ते तर त्यांनी बंद केलं होतं ना?" नानांनी तंबाखू चोळता चोळता खाली मान घातली.

"तूच मनला होतास की, न्हेतो मनून," ते म्हणाले. "आप्पानं समद्या गल्लीला सांगून ठिवलं, बसूला कळू देऊ नका, त्यो मला उचलून न्हेईल. सोजरला तर देवाच्या कोनाड्याम्होरं उभं करून वचन घेतलं होतं. न्हाई बोलली बिचारी."

बोलली नाही. मी भर अंगणात तिला वाटेल ते बोलत होतो, तेव्हा तिनं एवढंच सांगायचं होतं, 'मला वाटलं आप्पा च्याला बोलवायलेत.' एका वाक्यात तिची सुटका होती. पण त्या वाक्यानं तुम्ही खोटे पडला असतात, माझ्यासमोर, अंगणभर माणसांसमोर, उत्तर द्यायला तुम्ही नसताना. तिनं तुमची अब्रू राखली आणि माझ्या शिव्या खाल्ल्या.

यापुढचं सांगायला अजून लाज वाटते. मी तिथंच बसलेला असताना तलवाड्याकडचा एक माणूस शेजारी सरकला. हळूच म्हणाला, "आमच्या मायच्या घरीबी अशी घंटी बसवून द्या. ती बी ऐकत न्हाई, एकटीच ऱ्हाते." आणि मी त्याला समजावून सांगायला लागलो. बॅटरी कशी, तार कशी, लाईट नसली तरी कशी वाजते. माझं तोंड आपोआप चालत होतं. तुमच्या गणाराधनेच्या मांडवात बसून मी घंटी विकत होतो.

रात्री डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. दुसरं बटण. आप्पा, फक्त दुसरं बटण! चहाला घंटी आणि अडचणीला भोंगा. माझ्या दुकानात भोंगे खोकाभर धूळ खात पडलेत. त्या दिवशी मी धमकी द्यायच्या ऐवजी एकदा विचारलं असतं की का वाजवता, तर दुपारभराचं काम होतं. खऱ्या वेळी कोण धावेल, असं मी म्हणालो होतो आणि अक्षरशः तसंच झालं. माझं म्हणणं बरोबर निघालं. पण ते बरोबर निघावं अशी व्यवस्था मीच केली होती. तुम्ही ती घंटी लपवून वाजवत होतात, आणि लपवलेल्या गोष्टीत दुरुस्ती करता येत नाही. माणसानं आपल्या घरात, आपल्या मनानं राहावं म्हणून मी हे सगळं केलं, आणि तुम्हाला तुमच्याच घरात चहा करायची चोरी झाली.

काल दिवसभर मी सोजरवहिनीच्या घरी जायचं ठरवत होतो. चार पावलांची गल्ली. दोनदा चप्पल घातली आणि काढली. काय म्हणणार? माफ करा म्हणणं आपल्याकडं पुरुषांच्या तोंडी बसत नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही. शेवटी दिवस कलल्यावर मी स्टोव्ह पेटवला. आलं ठेचलं, साखर तुमच्या हातानं घातली, म्हणजे जरुरीपेक्षा जास्त. चहा उकळला. मग बाजेजवळ गेलो आणि खाली फरशीवर बसलो, कारण बटण मी तिथंच लावलं होतं. ती येणार नाही याची मला खात्री होती. खरं तर ती येऊ नये असंही वाटत होतं.

मी एकदा दाबलं.

गल्लीपलीकडं घंटा वाजली. तिच्यापाठोपाठ, गोठ्याच्या बाजूनं, मोकळ्या गळ्यानं आवाज आला.

"आले, आप्पा!"

आणि लगेच पलीकडं सगळं चिडीचूप झालं. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाजसुद्धा थांबला.

मी फरशीवर बसून होतो. मी कितीतरी वेळा हे घर तपासलं, आप्पा, पण घंटी वाजल्यावर इथं, या बाजेखाली, काय ऐकू येतं ते कधी बसून ऐकलं नव्हतं. म्हणजे त्या दिवशीही तुम्ही इथं पडलेले असताना हाच आवाज आला असणार. तुम्हाला उत्तर मिळालं होतं. म्हणून घंटी एकदाच वाजली. वायर सुटली नव्हती, हातही गळाला नव्हता. लेकीसारखी बाई येते म्हणाली, तर तिला पुन्हा घंटी मारून घाई करायची, हे तुमच्यानं झालं नाही. पडलेल्या जागीसुद्धा नाही. तुम्ही तिची वाट बघत थांबलात.

मीही थांबलो. दुसऱ्यांदा बटण दाबलं नाही. पलीकडं थोड्या वेळानं धार पुन्हा सुरू झाली. म्हशीखालून अर्ध्यात उठता येत नाही, हे मला गावात वाढूनही कळायला इतका उशीर लागला. मी ज्या वेळासाठी तिला नाही नाही ते बोललो, तेवढा सगळा वेळ मी त्या फरशीवर बसून काढला. फार नव्हता, आणि फार होता.

मग ती आली. हातात स्टीलचा ग्लास होता. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हशीखाली बसलते."

मी म्हणालो, "बसा, वहिनी. चहा निवलाय. परत ठेवतो."